न्यू जर्सीत नवीन आलात आणि कॉमिक्स वाचता? आपलं ठरलेलं कॉमिक शॉप असं निवडा

एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो या भागात आपली मंडळी राहायला आली की घर, गाडी, लायसन्स, मुलांची शाळा हे सगळं पहिल्या काही महिन्यांत मार्गी लागतं, आणि मग कधीतरी लहानपणी इंद्रजाल आणि टिंकल वाचून मोठं झालेलं कोणीतरी विचारतं की इथे नुसत्या कॉमिक्सची दुकानं असतात म्हणे, त्यातलं चांगलं कुठलं? एका नावात याचं उत्तर देता येत नाही, कारण जे दुकान दर आठवड्याला ताजे अंक घेणाऱ्याला चांगलं ते सत्तर सालचे जुने अंक शोधणाऱ्याला बिनकामाचं असू शकतं. पण दुकान पारखायचं कसं ते नक्की सांगता येतं. मी बरीच वर्षं इथल्या तीन-चार दुकानांचा नेहमीचा गिऱ्हाईक आहे आणि माझं मत अगदी पक्कं आहे: डिस्काउंट किती देतात यावरून दुकान निवडू नका, तुम्ही सांगितलेला अंक तुमच्यासाठी बाजूला निघतो का यावरून निवडा. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या

हा भाग गाळून पुढे जाऊ नका, कारण दुकानदार असा का वागतो हे इथेच कळतं.

पूर्वी अमेरिकेत कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानात मिळायची आणि न खपलेले अंक परत जायचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमधल्या फिल स्यूलिंग नावाच्या शिक्षकाने प्रकाशकांशी वेगळा सौदा केला, माल थेट आमच्याकडे पाठवा, जास्त सूट द्या, आणि आम्ही काही परत करणार नाही. त्यातून नुसत्या कॉमिक्सची दुकानं उभी राहिली आणि तीच पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. म्हणजे दुकानदाराने एखाद्या अंकाच्या दहा प्रती मागवल्या आणि सहा खपल्या तर उरलेल्या चार साधारणपणे त्याच्याच गळ्यात, म्हणून तो मोजून मागवतो, आणि म्हणूनच नवीन माणूस शुक्रवारी दुकानात गेला की त्याला हवा तोच अंक संपलेला असतो.

आता तो मोजतो कधी? नवीन अंकांची यादी साधारण दोन-तीन महिने आधी येते, आणि ऑर्डर पक्की करायची शेवटची तारीख, जिला सगळे एफओसी म्हणतात, ती अंक बाजारात यायच्या साधारण तीन आठवडे आधी असते. त्या तारखेच्या आत तुम्ही सांगितलंत तर अंक तुमचा, नंतर सांगितलंत तर मिळाला तर मिळाला. इतकं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

अजून एक. बरीच वर्षं जवळजवळ सगळी कॉमिक्स डायमंड या एकाच वितरकाकडून यायची. मग इथल्या दोन सगळ्यात मोठ्या प्रकाशकांपैकी डीसी (बॅटमॅनवाले) २०२० मध्ये तिथून बाहेर पडलं, २०२१ मध्ये मार्व्हल (स्पायडरमॅनवाले) पेंग्विन रँडम हाऊस या पुस्तकांच्या कंपनीकडे गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे आज छोट्या दुकानालाही दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या ऑर्डरी द्याव्या लागतात, वेगवेगळी खोकी येतात, वेगवेगळी बिलं येतात, आणि एखादा अंक उशिरा आला तर दरवेळी चूक दुकानदाराचीच असते असं नाही. पण तो उशीर तुम्हाला आपणहून सांगतो का, हे मात्र त्याच्याच हातात आहे.

तुम्ही नक्की काय वाचणार ते ठरवा

दर महिन्याला येणारा पातळ अंक म्हणजे सिंगल इश्यू, दुकानात त्याला फ्लॉपी पण म्हणतात, किंमत बहुतेक ३.९९ किंवा ४.९९ डॉलर. पाच-सहा अंक एकत्र करून जे पुस्तक निघतं ते ट्रेड, साधारण वीस डॉलरच्या आसपास. तुम्हाला गोष्ट सलग वाचायला आवडत असेल, घरात जागा कमी असेल, तर सरळ ट्रेड घ्या, त्यात काही कमीपणा नाही आणि मग तुम्हाला दुकानाची एवढी पारख करायची गरजही नाही, कुठलंही चांगलं पुस्तकांचं दुकान चालेल. लायब्ररीचं कार्ड काढलं असेल तर आणखीच छान, इथल्या बऱ्याच लायब्ररींत ग्राफिक नॉव्हेल्सचं कपाट भरलेलं असतं. सिंगल अंक घेणार असाल, किंवा जुने अंक जमवणार असाल, तरच पुढचं वाचा. आणि आकडा आधी ठरवा, पाच मालिका लावल्या तर महिन्याला पंचवीस डॉलर अधिक टॅक्स, दहा लावल्या तर पन्नास, आणि दुकानात उभं राहिलं की त्यावर चार अंक हमखास वाढतात.

घरापासून अर्ध्या तासातली दुकानं काढा, आणि दोनदा जा

मॅपवर शोधा, पण फोटो बघून ठरवू नका. बरीच दुकानं नावाला कॉमिक्सची असतात आणि आत मॅजिक किंवा पोकेमॉनच्या पत्त्यांची टेबलं, खेळणी, फुंको पॉपच्या मोठ्या डोक्याच्या बाहुल्या, आणि मागच्या भिंतीवर कॉमिक्सची एक रांग. ती वाईट दुकानं नव्हेत, पत्त्यांवर त्यांचं भाडं निघतं, पण तुमच्यासाठी ती दुसऱ्या नंबरवर. दुसरा प्रकार जुन्या अंकांचा, खोकीच खोकी, ताजा माल थोडा. तिसरा स्टेशनजवळचं छोटं दुकान, जिथे स्वतंत्र प्रकाशकांची आणि मुलांची पुस्तकं नीट निवडून ठेवलेली असतात. आणि ट्रेनने न्यूयॉर्कला कामाला जात असाल तर मिडटाउन कॉमिक्स, फॉरबिडन प्लॅनेट अशी मोठी दुकानं वाटेत आहेतच, तिथे साठा प्रचंड, गर्दीही प्रचंड. माझ्या मते मोठ्या दुकानात माल बघायला जावं, पण रोजचा व्यवहार जमला तर छोट्याशी ठेवावा.

प्रत्येक दुकानात एकदा बुधवारी जा आणि एकदा शनिवारी किंवा रविवारी. बुधवार हा नवीन अंकांचा दिवस, मधली काही वर्षं डीसी मंगळवारी यायचं पण २०२४ पासून तेही परत बुधवारी येतं. बुधवारी दुपारी चारला गेल्यावर नवीन माल लागलेला असायला हवा, खोकी अजून न उघडता काउंटरमागे पडलेली असतील तर एखाद्या वेळी समजून घ्या, दरवेळी तसंच दिसलं तर ते दुकान ताज्या अंकांसाठी सोडा. वीकेंडला का जायचं, तर बुधवारी सगळीच दुकानं भरलेली दिसतात, खरं मोजमाप रविवारी होतं. मागच्या तीन-चार आठवड्यांचे अंक तेव्हाही रॅकवर नीट लागलेले असतील, एकेक प्रत तरी शिल्लक असेल, तर मागवणारा माणूस विचार करून मागवतोय.

आत गेल्यावर कुठे बघायचं

रॅकवरचा कुठलाही ताजा अंक हळूच उचला आणि पाठीचा कणा, म्हणजे स्टेपल्स असतात ती बाजू बघा. तिथे बारीक पांढऱ्या आडव्या रेघा दिसल्या तर त्याला स्पाइन टिक म्हणतात, वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही पण जमवणाऱ्याला पडतो, आणि सगळ्याच अंकांवर दिसल्या तर माल हाताळणारे हात धसमुसळे आहेत हे कळतं. रॅक इतका गच्च भरलेला असेल की एक अंक काढताना शेजारचा दुमडतो, तर तेही तेच सांगतं.

मग जुन्या अंकांच्या लांब खोक्यांकडे या. पाट्या आहेत का, अक्षरक्रमाने लावलेत का, प्रत्येक अंक पिशवीत आणि मागे पुठ्ठा घालून आहे का, किंमत आणि स्थिती वर लिहिलीय का. किंमत न लिहिता काउंटरवर गेल्यावर फोनवर बघून सांगणारी दुकानं मला अजिबात आवडत नाहीत, कारण मग तोच अंक तुम्हाला वेगळ्या भावाने आणि दुसऱ्याला वेगळ्या भावाने मिळतो. डॉलर बिन असेल, म्हणजे एक डॉलरला एक अंक असं खोकं, तर ते बघा, त्यातला माल दर महिन्याला बदलत असेल तर दुकान जिवंत आहे.

आणि माणसं बघा. एखादा दहा वर्षांचा मुलगा किंवा पहिल्यांदाच आलेली एखादी बाई काही विचारते तेव्हा काउंटरवरचा माणूस कसा बोलतो ते शांतपणे ऐका. तुमच्याशी तो कसा बोलेल ते तिथेच कळतं. माझ्या ओळखीच्या एक ताई मुलीला घेऊन एका दुकानात गेल्या तर त्यांना सरळ खेळण्यांच्या कोपऱ्याकडे पाठवलं, आणि त्यांना खरं तर स्वतःसाठी कॉमिक्स हवी होती. त्या परत तिथे गेल्या नाहीत आणि बरोबरच केलं.

प्रत्येक दुकानाला तीच तीन कामं सांगा

तुलना करायची तर सगळ्यांना सारखाच पेपर द्यायला हवा, म्हणून ही तीन कामं मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो.

पहिलं, चालू असलेल्या एखाद्या मालिकेचा मधलाच अंक मागा, समजा सातवा अंक चालू आहे तर चौथा. नसेल तर तो काय करतो ते महत्त्वाचं. नुसतं नाही म्हणणारा एक, वितरकाकडे शिल्लक आहे का बघून तुमचं नाव लिहून घेणारा दुसरा, आणि दुसरी छपाई आली तर चालेल का असं विचारणारा तिसरा. तिसरा माणूस सोन्यासारखा.

दुसरं, दोन महिन्यांनी येणाऱ्या एखाद्या पुस्तकाची आगाऊ मागणी करा, शक्यतो छोट्या प्रकाशकाची. मार्व्हल-डीसीचं कोणीही मागवतं. छोट्या प्रकाशकाचं नाव ऐकून तो यादी उघडून बघतो का, की तोंड वाकडं करतो? आणि मुख्य म्हणजे दोन महिन्यांनी ते खरंच येतं का.

तिसरं काम आपल्या लोकांसाठी खास आहे. फँटमचे, म्हणजे आपल्या वेताळाचे, जुने अमेरिकन अंक मागा. इंद्रजालमुळे आपल्याकडे वेताळ घराघरात पोचला पण इथे तो तसा बाजूला पडलेला हिरो आहे, साठच्या दशकात गोल्ड की आणि मग किंग, आणि १९६९ ते १९७७ चार्ल्टन या प्रकाशकांनी त्याचे अंक काढले. चार्ल्टनचे अंक साधारण स्थितीत फार महाग नसतात. पण ते दुकानात आहेत का, आणि विचारल्यावर समोरचा माणूस न अडखळता पी अक्षराच्या खोक्याकडे जातो का, यावरून जुन्या मालाची खोली कळते. शिवाय सापडलाच तर घरी नेऊन आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला काय मजा येते!

पुल लिस्ट लावण्याआधी हे विचारा

पुल लिस्ट म्हणजे कॉमिक्सचा रतीब. तुम्ही मालिकांची नावं द्यायची, दुकानदार दर बुधवारी तुमचे अंक काढून तुमच्या नावाच्या खणात ठेवतो, तुम्ही येऊन पैसे देऊन न्यायचे. बऱ्याच ठिकाणी यावर दहा ते वीस टक्के सूट असते, काही ठिकाणी सूट नाही पण पिशवी-पुठ्ठा फुकट, काही ठिकाणी काहीच नाही. नवीन माणूस फक्त हाच आकडा विचारतो. महिन्याला तीस डॉलरची खरेदी असेल तर दहा आणि वीस टक्क्यांत फरक तीन डॉलरचा, आणि एक अंक हुकला तर तो नंतर शोधायला त्याहून जास्त जातात, कधी कधी मिळतच नाही. म्हणून खालच्या गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा.

कमीत कमी किती मालिका लागतात? काही दुकानं पाच म्हणतात, काही एकालाही चालवून घेतात. माल किती दिवस ठेवतात? एखादी मालिका बंद करायची तर किती आधी सांगायचं? इथे प्रामाणिक उत्तर असतं की एफओसीच्या आत सांगा, आधीच मागवलेले एक-दोन अंक तुम्हाला घ्यावे लागतील, आणि ते रास्त आहे. कार्ड नंबर ठेवून घेतात का? अंक दुमडलेला आला तर बदलून मिळतो का?

आता जरा खोलातले प्रश्न, जे विचारल्यावर दुकानदारालाही कळतं की हा माणूस टिकणारा आहे. मालिका मध्येच बंद होऊन परत एक नंबरपासून सुरू झाली, जे इथे सारखं होतं, तर ती आपोआप माझ्या यादीत राहणार की मला परत सांगावं लागणार? एखादी मोठी कथा दहा वेगवेगळ्या मालिकांत पसरली तर ते सगळे अंक माझ्या खणात टाकणार का? यावर मी नेहमी स्पष्ट सांगतो, विचारल्याशिवाय टाकू नका. ॲन्युअल म्हणजे वार्षिक अंक, विशेषांक यांचं काय? एकाच अंकाची चार-पाच वेगवेगळी मुखपृष्ठं असतात, त्यातलं कुठलं ठेवणार? बहुतेक दुकानं मुख्य, म्हणजे ए कव्हर ठेवतात, तुम्हाला विशिष्ट चित्रकाराचं हवं असेल तर तेही एफओसीच्या आत सांगायचं.

आणि यादी ठेवतात कशात? कुठे सॉफ्टवेअर असतं, तुम्हाला लॉगिन मिळतं आणि घरबसल्या मालिका घालता-काढता येतात, कुठे जाड वही असते. माझा अनुभव असा की वही वाईट नसते, ती वही एकाच माणसाच्या डोक्यात असणं वाईट. तो माणूस सुट्टीवर गेला की तुमचा खण रिकामा. म्हणून हे पण विचारा की तुम्ही नसलात तर माझे अंक कोण काढणार.

तीन महिने चालवून बघा

दोन दुकानं पसंत पडली असतील तर दोन्हीकडे तीन-तीन मालिका लावा, वेगवेगळ्या, आणि फोनमध्ये साधी नोंद ठेवा: कुठला अंक वेळेवर आला, कुठला हुकला, हुकल्यावर त्यांनी आधी सांगितलं की तुम्ही विचारल्यावर कळलं, न मागता काय टाकलं, कुठला अंक खराब होता. एवढंच. तीन महिन्यांत प्रत्येक मालिकेचे साधारण तीन अंक येतात, म्हणजे दोन्हीकडचे मिळून अठराएक, तेवढ्यात चित्र स्वच्छ होतं. एका दुकानात मला भरपूर सूट होती, माणसं गोड होती, पण महिन्याआड एक अंक खणात नसायचाच, आणि दरवेळी नवीन कारण. दुसऱ्या दुकानात सूट निम्मी, मालक मोजकंच बोलणारा, पण एकदा माझा एक अंक ट्रकमध्येच ओला झाला तर त्याने मी पोचायच्या आधी फोन करून सांगितलं की पुढच्या आठवड्यात दुसरी प्रत येतेय. यादी मी त्याच्याकडे हलवली.

हलवताना जुन्या दुकानाला नीट सांगून निघा. खणातले शिल्लक अंक उचला, पैसे द्या, यादी बंद करायला सांगा. गुपचूप गायब होणारे गिऱ्हाईक हीच या धंद्याची सगळ्यात मोठी दुखरी नस आहे, तुमच्या नावाने मागवलेला माल परत जात नाही आणि महिनोन्महिने तुमचा खण भरत राहतो.

याच कारणासाठी भारतात जाताना सांगून जा! आपण गेलो की चार-सहा आठवडे जातोच, आणि तेवढ्यात खणात बरेच अंक साठतात. आधी सांगितलं तर चांगली दुकानं बिनतक्रार ठेवतात, काही जण आगाऊ पैसे घेतात, काही घेत नाहीत. न सांगता गेलात तर महिन्याभराने तुमचे अंक रॅकवर लावून विकून टाकायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. नोकरी बदलून टेक्सासला किंवा कॅलिफोर्नियाला निघालात तर निदान महिनाभर आधी सांगा.

जुने अंक आणि महाग वस्तू

यात मी नवीन माणसाला हळू जायला सांगेन. भिंतीवर प्लॅस्टिकच्या जाड आवरणात सीलबंद अंक दिसतील, त्यांना स्लॅब म्हणतात, सीजीसी सारख्या कंपन्या अंक तपासून ०.५ ते १० मध्ये ग्रेड देऊन ते बंद करतात. एकदा बंद केला की वाचता येत नाही. वाचायला आला असाल तर तिकडे बघूसुद्धा नका.

वन इन ट्वेंटीफाइव्ह असं लिहिलेलं कव्हर दिसलं तर त्याचा अर्थ, साधे पंचवीस अंक मागवल्यावर दुकानाला ते एक मागवता येतं. म्हणून ते महाग. त्याची किंमत कुठलं दुकान किती लावतं याची तुलना जरूर करा, इथे फरक मोठा असतो, आणि काही चांगली दुकानं पुल लिस्टवाल्यांना छापील किमतीत देतात.

घासाघीस? ताज्या अंकांवर कधीच नाही. जुने आठ-दहा अंक एकदम घेत असाल तर हसून विचारायला हरकत नाही की एकत्र घेतले तर काही कमी होईल का, बहुतेक वेळा थोडं होतं. पिशव्या घेताना माप सांगा, आजच्या अंकांना करंट साइज, आणि वेताळाच्या त्या साठ-सत्तर सालच्या अंकांना सिल्व्हर साइज, करंट साइजच्या पिशवीत ते कोंबले तर कडा मोडतात. अंक उभे ठेवा, शॉर्ट बॉक्स, म्हणजे कॉमिक्ससाठीचं पुठ्ठ्याचं आखूड खोकं घ्या, त्यात साधारण दीडशे अंक मावतात आणि एका माणसाला उचलता येतो. लाँग बॉक्स भरला की दोघं लागतात. आणि बेसमेंटमध्ये थेट जमिनीवर खोकं ठेवू नका, जर्सीतल्या बेसमेंटमध्ये ओल येते.

मुलं असतील तर

२००२ पासून मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी कॉमिक्स फुकट वाटायची इथे प्रथा आहे. मुलांना पहिल्यांदा न्यायला तो दिवस उत्तम, दुकानाची मुलांशी वागणूकही तेव्हाच दिसते. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा, रांग असते, आणि प्रत्येकाला किती अंक हे दुकान ठरवतं. ते अंक आपल्याला फुकट असले तरी दुकानाने ते पैसे देऊन मागवलेले असतात, म्हणून निघताना मुलांना त्यांच्या आवडीचं एखादं पुस्तक विकत घेऊ द्या आणि पुल लिस्टचा फॉर्म त्याच वेळी मागून घ्या, त्या दिवशी बरीच दुकानं नवीन यादी लावणाऱ्यांना जास्तीची सूट देतात.